तिसरं कडवं कुणाचं?

आमच्या घरात भूत, देवी, अंगात येणं यातलं काहीही चालत नसे. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशीच घरातले गंडे-दोरे वैनगंगेत गेले, असं आई अभिमानाने सांगायची. पुढे मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. या सदरातले अनुभव वाचून मी बरेचदा हसलेय... तरीही आज मीच लिहायला बसलेय, कारण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि शेकडो लोकांसमोर घडलं.

ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं. आम्ही आरमोरीला राहायचो. मी बारावीत होते आणि मला न् माझ्या शालूवहिनीला एकच वेड — गाणी! भीमगीतं, कव्वाल्या, गायन पार्ट्यांचे मुकाबले. आजूबाजूच्या कुठल्याही गावात कार्यक्रम असू दे, आम्ही दादाच्या मागे लागून बैलबंडी जुंपायला लावायचो. नव्या कॅसेटी नागपूरहून रेल्वेने वडशाला यायच्या. तिथे बबनभाऊंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. नवी कॅसेट आली की ते बाहेरच्या भोंग्यावर लावत आणि बाजार करायला आलेली माणसं पिशव्या खाली ठेवून ऐकत उभी राहत. काय दिवस होते ते!

वहिनी शाळेत फार शिकली नव्हती, पण गाणं एकदा ऐकलं की तिला पाठ. आवाज असा, की रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, ती नसली तर बाया म्हणायच्या, "शालू नाई त मजा नाई."

तर त्या वर्षी रोवणी चालू होती. दुपारी आम्ही दोघी भाकरीचं टोपलं घेऊन वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून, चाललो होतो. पाऊस उघडलेला, लख्ख ऊन. आणि नदीच्या बाजूने भोंग्यावर गाणं सुरू झालं. बाईचा आवाज, मागे ढोलक-पेटी. अगदी स्पष्ट! आम्ही जागीच थांबलो.

*चिखलामंदी पाय तरी पाटी कोरी नाय,*
*पुढं चालली वाट आता मागं पाहू काय!*

अंगावर काटा आला. भीतीने नव्हे हं, आनंदाने! तीन कडवी होती. शेवटचं असं —

*अंगठ्याची शाई मायनं पान्यात धुतली,*
*त्याच हातानं नावाची पहिली रेघ ओढली.*

गाणं संपलं. पुढचं लागेल म्हणून आम्ही वाट पाहिली, पण काहीच नाही. वहिनीच्या डोळ्यांत पाणी. "बेबी, हे नवीन कॅसेटचं हाय. आपल्याले पाह्यजेच!"

पुढच्या बाजारी आम्ही वडशाला. वहिनीने बबनभाऊंना मुखडा म्हणून दाखवला. ते हसले. "बाई, असं गानं आलंच नाई अजून. आलं असतं त पयले माह्या दुकानात वाजलं असतं."

"मंग आमी काय सपनात आयकलो?"

"मले काय मालूम! पन गानं झकास हाय," म्हणत त्यांनी तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

नदीपलीकडच्या गावातल्या ओळखीच्यांनाही विचारलं. त्या दिवशी तिकडे ना कार्यक्रम, ना भोंगा. ऐन रोवणीत कोण कार्यक्रम ठेवणार? आम्ही नाद सोडला. गाणं मात्र सोडलं नाही. चुलीपाशी, विहिरीवर, वहिनी तेच गायची.

धान घरात आलं आणि कार्यक्रमांचा हंगाम सुरू झाला. वडशाच्या रस्त्याला आत एका गावात लोकचंदभाऊंची पार्टी येणार होती. लोकचंदभाऊ म्हणजे आमच्या भागातले गाजलेले गायक, स्वतः गाणी रचणारे. गावात लाइटीचा भरवसा नव्हता म्हणून कार्यक्रम दुपारीच ठेवलेला. मंडप खचाखच भरलेला, झाडावरसुद्धा माणसं! आम्ही बायांमध्ये अगदी पुढे जागा पटकावली.

दोन-तीन गाणी झाल्यावर लोकचंदभाऊ माइकवर म्हणाले, "आता एक ताजं गानं. अजून कोनाच्या कानावर पडलं नाई. पुढच्या हप्त्यात नागपूरले कॅसेट भरनार हावो, त्याच्या पयले तुमाले आयकवतो."

आणि ते गाऊ लागले — *चिखलामंदी पाय तरी पाटी कोरी नाय...*

वहिनीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाढली. तेच शब्द! तीच चाल! पहिलं कडवं, दुसरं कडवं... वहिनी त्यांच्याबरोबर गात होती, भान हरपून. दुसऱ्या कडव्यानंतर ते मुखड्यावर आले आणि गाणं संपवून थांबले. वहिनी थांबली नाही. त्या शांततेत तिचा एकटीचा आवाज उठला —

*अंगठ्याची शाई मायनं पान्यात धुतली...*

सगळा मंडप वळून पाहू लागला. लोकचंदभाऊंचा चेहरा पांढराफटक. मग लाल.

"ओ बाई! हे गानं कोन देल्लं तुमाले?"

वहिनी भानावर आली. मागून कुणी ओरडलं, "चोरलं वाटते!" दुसरा म्हणाला, "दुसऱ्या पार्टीनं पाठवली असन!" दादा गर्दीतून वाट काढत पुढे आला. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

वहिनी मात्र पदर खोचून उभी राहिली. "मी चोर नाई, भाऊ. रोवनीच्या टायमाले वावरात भोंग्यावर आयकलो. हे माही ननंद संग होती. वडशाच्या बबनभाऊले बी मनून दाखवलं. इचारा त्याईले."

बबनभाऊ तिथेच होते, माइकच्या मशीनपाशी. ते उठून म्हणाले, "खरं बोलून राह्यली. पोळ्याच्या पयलेच आयकलो मी इच्याकडून."

लोकचंदभाऊंनी माइक खाली केला. "पोळ्याच्या पयले? बाई, धान कापनीले आलं तवा ह्या गान्याचा मुखडा सुचला मले." मग हळूच म्हणाले, "अन् दोनच कडवे बनले. तिसरं लय डोकं खाजवलं, पन जमूनच नाई राह्यलं. तुमी जे मनलं ते... ते मी बनवलंच नाई."

ते मंचाच्या कडेला आले.

"कोन गात होतं भोंग्यावर?"

"बाई होती कोनी."

त्यांनी क्षणभर वहिनीकडे पाहिलं आणि माइक पुढे केला. "या वरती. पुरं गानं मना."

वहिनी दादाकडे बघू लागली. दादा म्हणाला, "जा ना वं! काऊन थांबली?"

आणि मग जे झालं ते काय सांगू! ढोलकवाला पहिल्या ओळीलाच खुलला, पेटीवाला हसत सूर भरू लागला, आणि आमची शालूवहिनी, जी आयुष्यात कधी माइकसमोर उभी राहिली नव्हती, ती अशी गायली की मंडपाचे बांबू हलले. "वन्स मोर! वन्स मोर!" म्हाताऱ्या बाया उठून टाळ्या देत होत्या. तिसऱ्या कडव्याला माझ्या शेजारची आजी आपला अंगठा लुगड्याला पुसत होती आणि रडत होती. किती वेळा गायला लावलं, आठवत नाही. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

लोकचंदभाऊ पुढच्या आठवड्यात घरी आले. म्हणाले, कॅसेटमध्ये हे गाणं शालूबाईच म्हणतील. दादा तिला घेऊन नागपूरला गेला. कॅसेट वडशाला आली त्या दिवशी बबनभाऊंच्या दुकानासमोर रस्ता बंद पडला होता!

एका गोष्टीवरून मात्र दोघांचं जमेना. लोकचंदभाऊ म्हणत, तिसरं कडवं तुमचं, तुमचं नाव टाकू. वहिनी म्हणे, मी फक्त आयकलो, मी कसं नाव टाकू देऊ? दोघांनीही ते कधीच आपलं म्हटलं नाही. लोकचंदभाऊ कार्यक्रमात उघड सांगायचे, "दोन कडवे माहे. तिसरं कोनाचं, मले मालूम नाई."

मी तर्क खूप लढवले. वाऱ्याने लांबचा आवाज येतो, हे मी मुलांना शिकवलंय. पण न रचलेलं गाणं कुठल्या वाऱ्याने येतं? दोघींना एकदम भास झाला म्हणावं, तर तो भास शब्द-चालीसकट खरा कसा निघाला? आणि लोकचंदभाऊंनी ते वहिनीकडून आलेलं कुठे ऐकलं असेल म्हणावं, तर मग वहिनीने कुणाचं ऐकलं?

वहिनी आता सत्तरीला टेकली. मध्यंतरी पुन्हा एकदा मी तिला खोदून खोदून विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू शोध मास्तरीनबाई. मले त एवढंच मालूम हाय, का त्या दिवशी मंडपात मी थांबलो असतो, त ते कडवं कोनालेच भेटलं नसतं."