साडूंच्या घरातला रस्ता

रस्ता ज्याच्या घराशेजारून जातो अशी माणसं पुष्कळ असतात, पण रस्ता ज्याच्या घरातून जातो असा माणूस साऱ्या पालघर जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा हे माझं नशीब. तारापूरच्या जुन्या बाजारात घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. तोंडं बाजाराकडे, पाठी खाडीकडे. खाडी हाकेच्या अंतरावर, पण तिथं जायचं तर सगळ्या आळीला वळसा. साडूंना हे लहानपणापासून खटकायचं. "गाव खाडीमुलं वसला आनि खाडीलाच पाठ करून बसला, हे काय बरं नाय," असं ते भेटेल त्याला ऐकवत. दुसरा कोणी असता तर अर्ज करून गप्प बसला असता. साडूंनी अर्जही केले आणि रस्ता होईपर्यंत लोकांची सोय म्हणून स्वतःच्या घराचं पुढचं नि मागचं दार सताड उघडं टाकलं.

मग काय विचारता! मासळीच्या टोपल्या, सायकली, भाजीच्या पाट्या, सगळं माजघरातून जाऊ लागलं. कोणी दारात चपला काढायला लागला की साडू ओरडत, "अरे, रस्त्यावर कुनी चपला काढतं का?" माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमची ताई, चुलीपाशी बसलेली असे. नवापूरची एक कोळीण जाता जाता तिच्या कालवणाची चव घ्यायची, "आंबट कमी हाय गो," म्हणायची आणि मूठभर जवळा ठेवून पुढे निघायची. एका गणपतीला विसर्जनाची मिरवणूकच घरात शिरली. मोठा ढोल मागच्या चौकटीत अडकला, तेव्हा साडूंनी दाराच्या फळ्या बिजागऱ्यांतून उतरवल्या, पण मिरवणूक माघारी फिरू दिली नाही. त्या फळ्या दिवाळीपर्यंत पुन्हा चढल्या नाहीत.

आता मी काय सांगू? मी घाटावरचा माणूस, सगळी नोकरी बोईसरच्या कारखान्यात गेली. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, जाळीचं दार आहे आणि दाराला बाहेर बघायचं एक भोक आहे, त्यातून फक्त कुरिअरवाला दिसतो. तारापूरहून परतताना बायको हमखास म्हणायची, "भावोजींनी माणसं कशी जोडलीत बघा!" मी जळायचो. उगाच सभ्य शब्द कशाला शोधा, सरळ जळायचो. एका रविवारी मीही दार उघडं ठेवून ऐटीत बसलो. दुपारपर्यंत एक कुत्रं आलं आणि त्याच्यामागून वॉचमन. "साब, दरवाजा खुला रह गया है," तो म्हणाला आणि माझ्या देखत त्यानं ते लावून घेतलं.

शेवटी रस्ता मंजूर झाला. जागा कुठली, तर साडूंच्याच घराच्या अंगाला लागून असलेली लांबलचक पडवी. ती गेली तरच वाट निघणार होती. "मग पाडा की! त्यात इचारायचं काय?" साडू म्हणाले. पडवी गेली, फरशी बसली, दिवे लागले, खाडीकाठी बाकंही आली. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. आता साडूंच्या घरातून कोण जाणार? आता बसतील तेही आमच्यासारखे! ही मजा बघायला मी मुद्दाम एकटाच तारापूरला गेलो.

दोन्ही दारं उघडीच होती. आत येणाजाणारं चिटपाखरू नव्हतं. साडू माजघरात खुर्ची टाकून बसले होते आणि भिंतीपलीकडून माणसांचं बोलणं, सायकलीच्या घंट्या ऐकू येत होत्या.

"ती बग, नवापूरवाली चालली," साडू म्हणाले. "आवाजावरनं वलखतो मी. रस्ता बेस झाला, साडूभाऊ. आता कुनाला आत यायला लागत नाय."

टोमणे मी घरूनच तयार करून नेले होते, ते तसेच परत न्यायचं ठरवलं. त्या क्षणी मला साडूंचा हेवा वाटत नव्हता, आणि इतकी वर्षं जळल्यावर त्याचंच फार वाईट वाटलं. मी मागच्या दारानं खाडीवर गेलो. भरती होती. बाकांवर जागा नव्हती. एक म्हातारा शेजारच्या पाहुण्याला सांगत होता, "हा आमच्या भाऊचा रस्ता. पडवी दिली ना त्यानं! त्याच्यामुलं या वयात मी रोज खाडी बगतो." मी त्या भाऊंचा साडू आहे हे तिथं कोणालाच माहीत नव्हतं. मी पुन्हा पहिल्यासारखा जळायला लागलो. आमच्या जिन्याच्या पायरीलासुद्धा कोणी माझं नाव देणार नाही!

म्हातारा काय म्हणाला हे साडूंना कळलंच पाहिजे असं थोडंच होतं? तरी मी मागच्या दारानंच आत शिरलो आणि म्हाताऱ्याचं बोलणं सांगून टाकलं.

साडू खुर्चीत सावरून बसले.

"काय म्हनला? परत सांगा."

मी परत सांगितलं.