तारावहिनींनी आम्हाला पाण्यात ढकललं

"मारा पाय! जोरात! बावडी फुटली तरी चालेल!"

तारावहिनी पाण्यातून ओरडत होत्या आणि आम्ही आठ-दहा बायका विहिरीच्या पायऱ्यांवर एकमेकींना धरून किंचाळत होतो. कमरेला वाळके भोपळे, कासोटे घट्ट आवळलेले. मी, वासंती, तेव्हा दोन लेकरांची आई. मागून कुणीतरी ढकललं, नाकातोंडात पाणी गेलं, आणि दुसऱ्याच क्षणी कळलं की पाणी मला उचलतंय! असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

मलकपेठेत मुसी नदीच्या काठाला आमची गल्ली. तारावहिनी, म्हणजे तारामती, शेजारच्या घरातली सून. माहेर गंगाखेडचं, गोदावरीत भावांबरोबर डुंबत वाढलेली. नवरा नरहरराव सरकारी कचेरीत, सासू सावित्रीबाई कडक सोवळ्याच्या. अशा घरात पोहण्याचं नाव कोण काढणार?

हे सगळं सुरू झालं आदल्या पावसाळ्यात; निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला वर्ष होत आलं होतं. भाद्रपदात झड लागली, वरच्या तलावाचे दरवाजे उघडले, आणि भर दुपारी, पुरुषमाणसं कामावर असताना, गल्लीत पाणी शिरलं. फार नाही, कमरेइतकं. पण गल्लीतल्या मालनबाई उंबऱ्यात घसरल्या आणि त्यांना उठताच येईना. तारावहिनींनी झेप घेऊन त्यांचा अंबाडा धरला आणि ओढत ओट्यावर आणलं.

पाणी उतरल्यावर सगळे मारुतीला नारळ फोडायला निघाले. तारावहिनी मात्र संतापल्या होत्या.

"कमरेभर पाण्यात धडधाकट बाई मरायला टेकते, म्हणजे काय!"

"आता धरणं झालीत," मुकुंदराव म्हणाले. गल्लीतले ते वडीलधारे. "तुग्यानी काही परत यायची नाही."

तुग्यानी म्हणजे मुसीचा तो जुना महापूर. सावित्रीबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. त्याबद्दल त्या कधी अवाक्षर काढत नसत. त्या दिवशी काढलं.

"माझे दीर पोहून वाचले, मुकुंदराव. दोन्ही जावा अंगणातच गेल्या. त्यांना कुणी पोहायला शिकवलंच नव्हतं." मग त्या सुनेकडे वळल्या. "तारा, तुला येतं ना? मग शिकव."

पण शिकवायचं कुठे? चढावर कनीज बेगमांच्या घरी बावडी होती, चहूकडून उंच भिंत. पण त्या वर्षी हिंदू-मुसलमान घरांतलं येणंजाणं आटलं होतं. दोन्हीकडे भीती होती. तरी सासू-सून गेल्या आणि त्यांच्या मागे मी. कनीज बेगमांनी पडद्याआडून सगळं ऐकलं. मग पडदा सारून त्या बाहेरच आल्या.

"मेरी अम्मा बी तुग्यानीमेंच गए," त्या म्हणाल्या. "बावडी तुम्हारीच समझो. पन मेरे बच्चियां बी सीखतीं. मंजूर?"

"मंजूर!" तारावहिनी इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की छतावरची कबुतरं उडाली.

चैत्रात शिकवणी सुरू झाली. सुलतान बाजारातून जाड, गडद रंगाचं कापड आणलं. मुकुंदरावांनी "बायकांची अब्रू" म्हणून बोंब मारली, तेव्हा नरहरराव रविवारी स्वतः खुर्ची टाकून बावडीच्या फाटकाशी बसले, रस्त्याकडे तोंड करून. "माझ्या घरची अब्रू जिवंत राहू दे आधी," एवढंच म्हणाले.

आणि सावित्रीबाई! देवाचं नाव घेत त्या एकेक पायरी उतरल्या, सुनेच्या हातावर पाठ टेकली आणि तरंगल्या. पांढरे केस पाण्यावर पसरलेले. त्यांना मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तारावहिनी सारख्या बजावत, "पुराशी कुस्ती खेळायची नाही. पहिलं काम घर सोडायचं, पाणी उंबऱ्याला लागायच्या आत. अडकलातच तर पाठीवर व्हा आणि काठाकडे तिरपं जा." कुणी कुणाच्या म्हाताऱ्याचा हात धरायचा, कुणाचं मूल कुणी घ्यायचं, तेही ठरलं. जायचं ते उंचावर, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानातल्या प्रेक्षकांच्या सज्ज्यावर. चालत जायचा सरावही केला. गल्लीतल्या पोरांना ती जत्राच वाटली.

पुढच्या श्रावणात पाणी आलंच. मुसीचं पाणी गल्लीमागच्या नाल्यात उलटं शिरल्याचं आधी कनीज बेगमांच्या थोरल्या मुलीनं, फर्जानानं, गच्चीवरून पाहिलं आणि थाळी बडवायला सुरुवात केली. आम्ही चुलीवरचं चुलीवर टाकून निघालो.

मुकुंदराव खाटेवरून हलेनात. गुडघे धरले होते. सावित्रीबाई दारात उभ्या राहिल्या. "उठता, की सुना बोलावून उचलू?"

ते उठले. भराभरा उठले!

नाल्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहू लागलं होतं. सगळे दोर धरून पार झाले. मी शेवटची. पाऊल निसटलं, दोर सुटला, आणि मी गेले वाहत. काठावर माझी मुलं आकांत करत होती. पण हातपाय आपले आपण कामाला लागले. पाठीवर झाले, तिरपी सरकत राहिले. पुढच्या वळणावर बाभळीला धरून छातीभर पाण्यात कुणीतरी उभं होतं, दोर फेकत होतं. कोण असावं? मालनबाई! त्यांनी मला खेचून घेतलं आणि दोघी चिखलात बसून वेड्यासारख्या हसत सुटलो.

सज्ज्यावर माणसं मोजली. सगळी होती. फर्जाना आणि तारावहिनी चिंब भिजून नाचत होत्या. काही घरांच्या भिंती पडल्या, भांडीकुंडी गेली. माणूस एकही गेलं नाही.

त्यानंतर दर चैत्रात बावडी भरू लागली. पार नदीपलीकडच्या कोठी भागातून बायका येत. मग संस्थानच्या वाटण्या झाल्या, आमची राज्यं वेगळी झाली, आणि नरहररावांची बदली नांदेडला झाली. निघताना तारावहिनींनी शिकवणी फर्जानाच्या हवाली केली. काचीगुडा स्टेशनवर आम्ही रडत होतो आणि त्या खिडकीतून दटावत होत्या, "अगं, रडता काय? चैत्र जवळ आलाय!"

सावित्रीबाईंनी नंतर कळवलं, नांदेडला सामान सोडायच्या आधीच बाईसाहेब गोदावरीचा घाट पाहून आल्या, आणि येता येता शेजारच्या चार दारांत थांबून विचारून आल्या, "तुम्हाला पोहता येतं का हो?"