पहिल्या घाण्याची डाळ

श्रीलंकेत डॉलर संपले होते त्या उन्हाळ्यात मी तिथं होतो... फिरायला नाही, कामाला. परभणीत माझं वर्कशॉप आहे, डाळमिलची मशीनं बनवतो. शिक्षण नववी, बाकी सगळं जुनी मशीनं उघडून शिकलो.

कोलंबोपासून दीड तासावरच्या गावात सिवानंदन नावाच्या व्यापाऱ्यानं माझं मशीन नेलं होतं. संकटाच्या आधीच, पूर्ण पैसे भरून. बसवून देणं माझ्याकडं. घरचे नको म्हणत होते... पण मशीन विकलं आणि चालू करून दिलं नाही, असं माझ्या हातून अजून झालेलं नाही.

तिथं गेल्यावर कळलं, देशाचा पैसा मरतो म्हणजे काय होतं. पंपासमोर रिक्षांची रांग, रिक्षातच झोपलेले ड्रायव्हर. गॅसचे रिकामे सिलिंडर साखळीनं एकमेकांना बांधून रस्त्याच्या कडेला ठेवलेले. माणसं सावलीला, रांगेत सिलिंडर.

फिटर नामदेवचा परभणीहून फोन आला. "मालक, तिथं पेट्रोलच न्हाई म्हणं. मग तुमी पायीच फिरायलाव का?" हो म्हणालो. "बरं झालं, पोट तरी उतरंल." त्या मुक्कामात हसलो तो तेवढाच.

सिवानंदन यांच्याकडं अख्ख्या मसुराची थोडीच पोती उरली होती. पुढचा माल बंदरात अडकलेला, सोडवायला डॉलर नाहीत. मिलमध्ये चार बाया कामाला होत्या. नोटा घेऊन बाजारात काही मिळत नव्हतं, म्हणून आठवड्याची मजुरी त्यांनी डाळीतच मागितली होती. त्यांच्यातल्या मोठ्या, सेल्वीताई, सकाळीच पिशवी घेऊन आल्या होत्या.

मी पाणसळ लावून मशीन सपाट बसलंय का ते चारी बाजूंनी तपासलं, रोलरमधली फट पुन्हा मोजली. नारळ फोडला. आणि आमच्याकडची रीत सांगितली... पहिला घाणा विकायचा नाही, घरात ठेवायचा नाही. मिलच्या दारात जो उभा असेल त्याच्या ओंजळीत घालायचा.

सिवानंदन यांनी बायांकडं पाहिलं. सेल्वीताईंशी तमिळमध्ये काहीतरी बोलले. मग मला मोडक्या हिंदीत म्हणाले, "ती म्हणते, देवाचं आधी. आमचं दुसऱ्या घाण्यातून."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू... अभिमान वाटला.

डाळ सुरेख निघाली. गेट उघडलं आणि समोरच्या सिलिंडरच्या रांगेतली माणसं इकडं आली. सेल्वीताई स्वतः कपानं वाटत होत्या. कुणी पिशवी धरली, कुणी पदर, एका मोटरसायकलवाल्यानं हेल्मेट पुढं केलं. डाळ संपली तेव्हा निम्मी माणसं तशीच उभी होती. कुणी ओरडलं नाही, ढकललं नाही. पिशव्यांच्या घड्या घातल्या आणि परत आपापल्या सिलिंडरपाशी गेली. कुणी शिवी दिली असती तर जरा हलकं वाटलं असतं.

दुसरा घाणा सुरू केला आणि लाइट गेली. जायच्या ठरलेल्या वेळेच्या आधीच. जनरेटर होता, डिझेल नव्हतं. बाया भिंतीला टेकून बसल्या... लाइट काही आली नाही.

मी सिवानंदन यांना म्हणालो, अख्खा मसूर तरी द्या यांना. त्यांनी लगेच पोतं सोडलं, माप जरा जास्तच भरलं. सेल्वीताईंनी एक दाणा नखानं दाबून पाहिला आणि काहीतरी विचारलं.

"हा शिजायला किती वेळ, विचारते. गॅस नाही, सरपण एका वेळचंच आहे."

एवढं मला नक्की माहीत होतं. डाळीपेक्षा दुप्पट. म्हणालो, "त्यांना सांगा, रात्रभर भिजत घाला. मग कमी सरपणात शिजेल."

सिवानंदन यांनी सांगितलं. सेल्वीताई हसल्या, माझ्याकडं बघूनच बोलल्या. सिवानंदन यांना ते मला सांगायचं नव्हतं, मी दोनदा विचारलं तेव्हा म्हणाले...

"ती म्हणते, पोरं रात्रभर कशी भिजत घालायची, तेही सांगा."

चौघी पिशव्या घेऊन चालत गेल्या, बस बंदच होत्या.

दुसऱ्या दिवशी लाइट आल्याबरोबर पहिली डाळ त्यांची काढली. सेल्वीताईंनी घेतली, मान हलवली आणि कामाला लागल्या. राग नव्हता... किंवा असेल, मला दाखवला नाही. पाहुणा होतो ना.

रीत मी मोडलेली नाही. नवीन मशीन लावलं की पहिला घाणा आजही दारात वाटतो. फक्त गेटकडं जायच्या आधी एकदा आत वळून बघतो, पिशवी घेऊन कोण उभं आहे ते.