गेजमास्तरांची सत्तेचाळीस कार्डं

गेजमास्तरांना धुराचा भारी तिटकारा. कंपनीच्या गेटबाहेर कुणी विडी पेटवली, की ते रुमाल नाकाला लावून रस्त्याच्या पलीकडे जायचे. आणि याच माणसाच्या घरात बायको दिवसभर विड्या वळायची आणि हे स्वतः सिगारेटच्या पाकिटातली जुनी चित्रं जिवापाड जपायचे. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. मांडीवरच्या सुपात पानं कापता कापता काकू सुनावायच्या, "मी विड्या वळती, हे शिग्रेटीची चित्रं गोळा करत्यात, आन् घरात वढनारं कुनीच न्हाई. सरकारनं आमचा सत्कार कराया पायजे!" मास्तर हसायचे आणि आपला पत्र्याचा डबा घेऊन बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसायचे.

ही चित्रं म्हणजे काय, ते सांगायला हवं. इंग्रजांच्या काळात सिगारेटच्या पाकिटात एक जाड कागदाचं कार्ड यायचं, काडेपेटीहून जरा लांबट. पुढच्या बाजूला एखाद्या क्रिकेटपटूचं रंगीत चित्र, मागे नंबर आणि बारीक इंग्रजीत त्याची माहिती. अशा पन्नास कार्डांचा एक संच. मास्तर जमवत होते तो एकच संच, आणि तो जमवायला लागून त्यांना तीस वर्षं होऊन गेली होती. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चव्वेचाळीस कार्डं झाली होती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी शेवगावहून नगरला आले आणि नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून चिकटले. मास्तर तिथे इन्स्पेक्शनला होते. मशीनवरून आलेला प्रत्येक जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, मापाच्या गेजमध्ये घालून बघायचा आणि पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं काम. म्हणून गेजमास्तर. नापास म्हणताना त्यांचा चेहरा असा पडायचा, की जॉब करणाऱ्यालाच त्यांची समजूत घालावी लागायची. माझ्या कामाच्या तिसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. शर्टाच्या खिशातून कागदात गुंडाळलेलं एक कार्ड काढून म्हणाले, "ताई, तुमाला विंग्रजी येतं म्हनं. ह्याच्या मागं काय लिवलंय तेवढं सांगा. बारा वरसं झाली, मला ह्यो मानूस कोन ते ठावं न्हाई."

मी वाचलं. उजव्या हाताचा गोलंदाज, बाप कोळशाच्या खाणीत कामाला, स्वतःही चौदाव्या वर्षी खाणीत उतरलेला. मास्तरांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे आपल्यातलाच की!" त्या दिवसापासून रोज एक कार्ड, हा आमचा नेम झाला. एकदा ऐकलेलं ते विसरत नसत. महिन्या-दोन महिन्यांनी मीच गोंधळले, की ते म्हणायचे, "न्हाई ताई, ह्याचा बाप पाद्री. खानीवाला तो सोळा नंबर." मला क्रिकेटचं ओ की ठो कळत नव्हतं आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला कंटाळाही यायचा. पण कुणीतरी आपल्या इंग्रजीची इतकी वाट बघतंय, याचं सुख मला तोवर कधी मिळालं नव्हतं.

मास्तर मूळचे अकोले तालुक्यातले, डोंगरातले. त्यांचे वडील भंडारदऱ्याला धरणावरच्या एका बंगल्यात चौकीदार होते. तिथे उतरणारे साहेब सिगारेटी ओढायचे आणि पाकिटातलं चित्र टाकून द्यायचे. वडिलांनी त्यातली तीन उचलून पागोट्याच्या घडीत घालून घरी आणली. मास्तर तेव्हा सात-आठ वर्षांचे. वडील गेले, भाताचं खाचर भावाकडे राहिलं, मास्तरांच्या वाट्याला ती तीन कार्डं आली. पागोट्यात राहून एकाला मधोमध घडी पडलेली होती. ते कार्ड ते मला वाचायला द्यायचे, पण हातातून सोडायचे नाहीत. मी त्यांच्या बोटांमधूनच वाचायची.

संसाराच्या पैशाला या नादासाठी हात लावायचा नाही, ही त्यांनी स्वतःच घालून घेतलेली अट होती. मग कार्डं यायची कशी? हाताच्या कामावर. कुणाची कात्री परजून दे, कुणाच्या शिलाई मशीनचा टाका बसवून दे, कुणाचं कुलूप उघडून दे, आणि बदल्यात "घरात जुन्या चित्रांची वही हाय का?" एवढं विचारायचं. सुट्टीच्या दिवशी सायकल हाणत भिंगारला जायचे. तिथल्या लष्करी छावणीतल्या अधिकाऱ्यांची बदली झाली, की त्यांच्या घरातली जुनी पुस्तकं, पेट्या, वह्या तिथल्या एका रद्दीवाल्याकडे येत. त्याच्या दुकानात मास्तर तासन्‌तास बैठक मारायचे.

या रद्दीवाल्याचा किस्सा मी कितीदा सांगितला असेल! त्याच्याकडे पंचेचाळिसावं कार्ड निघालं. तो म्हणाला, माझ्या तराजूची साखळी तुटलीय, नीट करून द्या आणि घेऊन जा. मास्तर बसले तराजू घेऊन. साखळी जोडली. मग त्यांच्या लक्षात आलं, की दांडीतच खोट आहे, एक पारडं जरा हलकं बोलतंय. गेजमास्तरच ते, त्यांना कुठलं राहवतंय? कानशीने घासून, पुन्हा पुन्हा बघून त्यांनी काटा अगदी मधोमध आणून ठेवला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाले, "आता गुंजभर फरक पडायचा न्हाई." रद्दीवाल्याने कपाळावर हात मारला. "मास्तर, माजं दुकान बंद पाडाया आलात का वो?" त्याने कार्ड दिलं, कारण शब्द दिला होता, पण पुढे सहा महिने तो त्यांच्याशी धड बोलला नाही. आणि आपलं काय चुकलं ते मास्तरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

सत्तेचाळीस झाली तेव्हा डोळ्यांचं सुरू झालं. पहिल्यांदा मलाच कळलं. ते कार्ड पुढे करून विचारायला लागले, "नंबर किती हाय, ताई?" नंबर चांगला ठळक छापलेला असायचा. मग गिऱ्हाइकाकडून माल परत आला. मास्तरांनी पास केलेले जॉब, आणि त्यातले कितीतरी चुकीचे. कंपनीत कुजबूज झाली. साहेबांनी बोलावून घेतलं, डॉक्टरकडे पाठवलं. काचबिंदू होता, आणि बराच पुढे गेलेला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. ज्याचं पोट डोळ्यांवर, त्याला हे सांगायचं म्हणजे काय, याची कल्पना मला त्यांच्याकडे बघून आली. नोकरी जाणार हे त्यांनी मुकाट्याने घेतलं. माझ्याशी बोलले ते एवढंच, "काम गेलं त्याचं काय न्हाई, ताई. पेन्शनीपुरतं हुईल कसंबी. पर ही चित्रं दिसायची बंद झाली, तर मी काय करू?"

तेव्हापासून सुट्टीच्या वेळी ते डबा उघडून बसायचे आणि कार्डांवरून, कडांवरून, मागून-पुढून अंगठा फिरवत राहायचे. डोळे मिटून. मला ते बघवत नव्हतं. मला वाटायचं, बिचारे निरोप घेताहेत. आणि दुसरं वाटायचं ते असं, की अशाने ही कार्डं झिजून जातील. आधीच त्यांची दशा झालेली. एकाला टाचणीचं भोक, एकाच्या पाठीला वहीतल्या डिंकाचा खडबडीत पापुद्रा, एकाचा कोपरा उंदराने खाल्लेला, आणि वडिलांच्या त्या कार्डाची घडी तर आता फाटायला आली होती.

त्या दिवसांत नगरमध्ये लॅमिनेशनचं वेड आलं होतं. माळीवाड्याच्या स्टँडजवळ एक दुकान निघालं होतं आणि त्याच्यापुढे रांग असायची. लोक दाखले आणायचे, रेशनकार्ड आणायचे, देवाचे फोटो आणायचे. आमच्या वडिलांनी तर शेवगावहून एका फेरीत घरातले सगळे कागद करून नेले होते, विजेच्या बिलासकट. मीही माझं टायपिंगचं सर्टिफिकेट करून घेतलं होतं. त्यावर पाणी ओतून मैत्रिणींना दाखवायची मी! मास्तरांचा निरोपसमारंभ ठरला आणि मला वाटलं, यापेक्षा चांगली भेट दुसरी कुठली? काकूंना गाठलं. त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "ने बाई. निदान त्येंच्या हाताचा घाम तरी लागायचा न्हाई."

दुकानदाराने सत्तेचाळीसही कार्डं एकेक करून यंत्रातून काढली. गरम गरम बाहेर यायची, चकचकीत, ताठ. घडी सपाट झाली. भोक बुजलं. खाल्लेल्या कोपऱ्याच्या जागीसुद्धा प्लास्टिकचा गोल कोपरा आला. सगळी एका मापाची कापून घेतली, कारण मास्तरांना एकसारखं माप आवडतं, असा मी विचार केला होता.

समारंभ कँटीनमध्ये झाला. हार, नारळ, साहेबांचं भाषण. मग मी डबा त्यांच्या हातात दिला आणि काय केलंय ते सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. मास्तरांनी झाकण काढलं. वरचं कार्ड घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला. ते ठेवलं, दुसरं घेतलं. मग तिसरं. मग पुन्हा पहिलं. ते इतका वेळ काही बोलेनात, की मला वाटलं, भारावले. शेवटी म्हणाले, "झ्याक केलं, ताई. आता पान्यात पडली तरी भ्या न्हाई." टाळ्या झाल्या. मला आकाश ठेंगणं झालं होतं.

पुढे मी अधूनमधून त्यांच्या चाळीत जायची. वर्षाच्या आत नजर जवळजवळ गेली. ओट्यावर बसलेले असायचे, हात मांडीवर रिकामे. डबा आत फळीवर. मी विचारलं, तर काकू हळूच म्हणाल्या, "आता कुटं हात लावत्यात." मला वाटलं, मन उडालं असेल. म्हणून मी हट्टाला पेटले. राहिलेली तीन कार्डं आणून द्यायची, म्हणजे उभारी येईल. सुट्टी आली की भिंगारच्या त्या रद्दीवाल्याकडे जाऊन मी वह्या चाळायला लागले. त्याने मास्तरांची चौकशी केली, डोळ्यांचं ऐकून चुकचुकला आणि मला बसायला स्टूल दिलं. कितीतरी महिन्यांनी एका मेमच्या वहीत एकेचाळीस नंबर मिळाला. मी तो तसाच मुठीत घेऊन रिक्षाने त्यांच्या घरी गेले.

मास्तरांनी कार्ड घेतलं. दोन्ही हातांनी. कडा चाचपल्या, पाठीवरून बोट नेलं, एका कोपऱ्यावर थांबले. "हितं मुडपलंय जरा." नाकाशी नेऊन वास घेतला. "कोन हाय?" मी मागचा मजकूर वाचला. यष्टिरक्षक, धंद्याने सुतार. "सुतार," ते म्हणाले, आणि तो कोपरा पुन्हा चाचपला. चेहऱ्यावर असं काही आलं, की काकूंनी सूप बाजूला ठेवलं. मी खुशीत म्हणाले, "मास्तर, द्या इकडे. उद्याच हेही करून आणते, बाकीच्यांसारखं."

त्यांनी कार्ड चटकन छातीशी धरलं. मग ओशाळले आणि अगदी हळू म्हणाले, "ताई, येवड्याला ते करू नका."

मी पुढे केलेला हात मागे घेतला.

"तुमी मायेनं केलं. पर ती सगळी आता एकसारखी लागत्यात. पैल्यांदा मला घडी लागायची, भोक लागायचं, खरबडीत लागायचं. मी शिकत हुतो. डोळं गेल्यावर बोटानं बघायची म्हनून. सत्तेचाळिसातली चाळीसभर वळखाया लागलो हुतो." जरा थांबून ते म्हणाले, "आता बापाचं कंचं, तेबी कळत न्हाई."

काकूंनी मान खाली घातली. डबा माझ्या हातात त्यांनीच दिला होता. मला तिथे बसवेना आणि उठवेनाही. क्षमा मागायला तोंड उघडलं, तर मास्तर म्हणाले, "त्ये जाऊ द्या. सुताराचं पुन्यांदा वाचा." मी वाचलं. अक्षरं दिसत नव्हती, तरी वाचलं.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडजवळच्या त्या दुकानात गेले. लॅमिनेशन काढता येतं का, विचारलं. रांगेतल्या माणसाचा दाखला यंत्रात सरकवत दुकानदार हसला आणि म्हणाला, "निघत न्हाई, म्हनून तर लोक करत्यात, ताई."

मास्तर त्यानंतर चार वर्षं होते. उरलेली दोन कार्डं मला मिळाली नाहीत. तो एकेचाळीस नंबर मात्र सतत त्यांच्या हातात असायचा. बोटं फिरून फिरून त्याचे कोपरे गेले, रंग गेला, मागचं इंग्रजी पुसलं. सुतार शेवटी नुसता एक मऊ, मळकट तुकडा राहिला होता, आणि काकूंनी तो सरणावर त्यांच्याबरोबरच दिला. डबा त्यांनी मला दिला. मी घ्यायला नको म्हणत होते, पण त्या म्हणाल्या, "मी तरी काय करू?" तो माझ्या कपाटात आहे. इतक्या वर्षांत त्यातलं एकही कार्ड खराब झालेलं नाही.