दहा सेकंदांचा तुकडा

अकोल्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. माझ्या त्या दिवसाच्या कामांच्या यादीत फक्त त्याच्या दुकानाचं नाव होतं. आमच्या माहितीपटासाठी अकोटकडच्या एका बाईची मुलाखत आम्ही घेतली होती. नवऱ्याने फवारणीचं औषध घेतलं तो दिवस तिने सांगितला, आणि पुन्हा बोलणार नाही म्हणाली. त्या मुलाखतीची फाइल अमरावतीला आमच्या एडिटिंग प्रोग्रॅममध्ये उघडेना, म्हणून ती घेऊन मी त्याच्याकडे आले.

त्याने आधी कॉपी केली. मूळ फाइलला त्याने हात लावला नाही.

"ताई, या फाइलचं नाव कोनं बदललं?"

"मीच. सगळ्या फाइलींच्या नावांतली टिंबानंतरची शेवटची अक्षरं सारखी दिसावीत म्हणून."

तो हसला. "पाटी बदलल्यानं दुकानातला माल बदलते काय?"

जुनं नाव परत देऊन त्याने आधी दहाच सेकंद आमच्या प्रोग्रॅमला चालतील असे बदलून पाहिले. बाई दिसली, बोलली. माझा जीव भांड्यात पडला. त्याने लगेच आवाज बंद केला, कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि पूर्ण फाइल बदलायला लावली.

"पुढचं ऐकून तपासत नाही?"

"चित्र हाये, आवाज हाये, माहं काम झालं. तिनं तुमाले सांगितलं, मले नाही."