बावीस हजारांची बोली

रविवार, अकरा तारीख, संध्याकाळी साडेसहा. रक्कम एक लाख. हजर सतरा जण. तिघांनी आपले पैसे दुसऱ्यांच्या हाती पाठवले होते. माझी बायको सभासद नाही, तरी ती आली होती आणि भिंतीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, कारण तिला खाली बसता येत नाही.

ही आमच्या सक्करदऱ्यातल्या गल्लीची बीसी. इतरत्र तिला भिशी म्हणतात. वीस जण, दर महिन्याला प्रत्येकी पाच हजार, वीस महिन्यांची एक फेरी. ज्याला त्या महिन्याची उचल हवी त्याने बोली लावायची, की लाखातून मी इतके सोडतो. जो सर्वांत जास्त सोडेल त्याला उरलेले मिळतात आणि सोडलेले पैसे वीस जणांत सारखे वाटले जातात. एका फेरीत एकाला एकच उचल. शिवाय एक नियम आहे: कारण सांगायचं नाही आणि विचारायचंही नाही. बीसी चालवणारे सर शाळेतून निवृत्त झालेले आहेत, हा नियम त्यांचा. पूर्वी लग्न, फी, ऑपरेशन असं सांगत लोक रडायचे आणि कुणाची अडचण मोठी यावरून भांडणं व्हायची.

मला अडतीस हजार चारशे हवे होते, मंगळवारपर्यंत. बायकोला सात वर्षांपासून संधिवात आहे. गोळ्यांचा आणि तपासण्यांचा खर्च महिन्याला साधारण सहा हजार आठशे. बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी स्टोअरचा हिशेब पाहतो, पगार एक्केचाळीस हजार. तेवढं कसंबसं बसत होतं. यंदा गोळ्या पुरेनाशा झाल्या. सकाळी तिची बोटं मिटत नाहीत. ब्लाउजची बटणं मी लावून देतो. डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलं, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन. पहिल्यासाठी शेवटची मुदत ठेव मोडली. "दुसरं लांबवू नका, नाहीतर पहिल्याचाही पुरता फायदा मिळायचा नाही," असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. विमा कंपनीने आजार जुना म्हणून हात वर केले. पतसंस्थेचं कर्ज चालू आहे. दागिने आधीच गहाण पडलेत.

दुपारी मी कागदावर मांडणी केली. खाजगी कर्जाचं व्याज इतकं, बीसीत सोडावे लागतील ते इतके. पंधरा हजारांच्या पुढे गेलो तर तोटा. म्हणून पंधराखाली रेघ ओढली.

"सोळा झाली तर?" बायकोने विचारलं.

मी कागदाची घडी घातली.

बोली पाच हजारांपासून सुरू झाली. आठ, दहा, बारा. बारापर्यंत पाच-सहा जण होते, चौदाला तिघं उरले. पंधरा मी बोललो आणि थांबलो. आता सर तीन वेळा पुकारतील असं वाटलं.

"सोळा," दाराजवळून आवाज आला.

ती डब्यांचा व्यवसाय करणारी ताई होती. गल्लीच्या टोकाला राहते, रोज चाळीस डबे पोचवते. तिच्या नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

मी सतरा म्हटलं. कागदावरची रेघ संपली होती. ती अठरा म्हणाली.

"लावा भाऊ, लावा," माझ्या शेजारचा किराणावाला मला कोपराने ढोसत म्हणाला. "तुम्ही दोघं भांडता आन् आमची दिवाळी होते."

तो खोटं बोलत नव्हता. बोली जितकी चढते तितका इतरांचा वाटा वाढतो. म्हणून काही जण उचल नको असतानाही बोली लावतात, गरजवंताला वर ढकलतात आणि ऐन वेळी गप्प बसतात. कोण किती गरजू आहे हे त्याच्या आवाजावरून कळतं. मला ते चांगलं जमतं. मागच्या फेरीत मी हेच केलं होतं. समोर हीच ताई होती. बारा हजारांवर तिला उचल मिळत होती. मी एकेक हजार चढवत तिला सोळापर्यंत नेलं आणि सोडून दिलं. माझा वाटा सहाशेचा आठशे झाला. दोनशेच्या फायद्यासाठी मी तिचे चार हजार घालवले होते. तिच्या नवऱ्याचं डायलिसिस त्याच महिन्यात सुरू झालं होतं, हे मला नंतर कळलं. कळल्यावरही मी काही बोललो नाही.

म्हणून मी पक्कं धरलं की ती आता परतफेड करतेय. मी थांबलो तर उचल तिच्या गळ्यात पडेल, म्हणजे त्याआधी तीच थांबणार.

"एकोणीस," मी म्हणालो.

"वीस."

"एकवीस."

तिने पदराने ओठ पुसले. "बावीस."

सर पेन धरून थांबले. "बावीस एक वार."

मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून ती त्या ताईकडे बघत होती.

"बावीस दोन वार."

तेवीस माझ्या तोंडात होतं. पण ताईचा आवाज मला नीट ऐकू आला होता. ढकलणाऱ्याचा आवाज तसा नसतो. मला ते माहीत असायला हवं होतं.

"ताई, किती पाहिजेत?"

"नियम!" सर म्हणाले.

"कारण नाही विचारत सर. रक्कम विचारतोय."

ताई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तुम्हाले काहून सांगू? मागच्या वेळी तुम्हीच मले सोळावर नेऊन सोडलं होतं नं भाऊजी? आता हिशेब विचारून राहिले!"

कुणीतरी हसलं. "नेलं होतं," मी म्हणालो. "चुकलं माझं. मला अडतीस हजार चारशे पाहिजेत. तुम्हाला?"

"पस्तीस," ती म्हणाली. "उद्या."

बावीस वजा केले की अठ्ठ्याहत्तर उरतात. दोघांच्या गरजेची बेरीज त्र्याहत्तर हजार चारशे. मी मोठ्याने म्हटलं, "अर्धी-अर्धी घेऊ. आपल्या दोघांच्या दोन्ही उचली, ही आणि शेवटच्या, विसाव्या महिन्याची."

"असं नाही चालत," सर म्हणाले. "एका उचलीला एकच नाव. उद्या एकाने हप्ता थांबवला तर मी कुणाचं दार ठोठावू?"

"दोघांचं," खुर्चीवरून बायको म्हणाली. "दोन्ही घरं याच गल्लीत आहेत सर. आम्ही कुठे पळणार? मला तर जिना उतरायला दहा मिनिटं लागतात."

यावर बरेच जण हसले. सरही हसले, पण वही उघडली नाही. मी म्हटलं, मग बोलीही पंधरावर आणा; पुढचे सात हजार आम्ही एकमेकांशी भांडून घालवलेत.

"वा गा वा!" किराणावाला एकदम सरळ बसला. "बोली म्हणजे बोली. आमच्या अकराशेतून साडेतीनशे काहून कापता?"

त्याच्या बाजूने सहा-सात जण बोलले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही बोललो असतो. म्हणून सात हजारांचा आग्रह मी सोडला. त्या बदल्यात दोन नावं चालतील, असं सर्वांनी कबूल केलं. सरांनी वहीत लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. ताईची सही माझ्यापेक्षा वळणदार आहे.

नोटा मोजताना ती एवढंच म्हणाली, "वहिनींचं तरी नीट होऊ द्या." पस्तीस हजारांचं काय अडलं होतं, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

एकोणचाळीस हजार माझ्या वाट्याला आले. माझा या महिन्याचा हप्ता, पाच हजारांतून वाट्याचे अकराशे वजा करून तीन हजार नऊशे, मी पगारातून भरला. मंगळवारी दहा वाजता हॉस्पिटलमध्ये पोचलो. सलाईनमधून इंजेक्शन जायला पाच तास लागले. मध्ये एकदा बायकोला थंडी वाजली, नर्सने वेग कमी केला, आणि तो अर्धा तास मी घड्याळाकडे पाहिलं नाही. चौतीस हजार नऊशे औषधाच्या दुकानाच्या खिडकीत दिले, खाटेचे आणि सलाईनचे साडेतीन हजार हॉस्पिटलच्या काउंटरवर.