बियाचं कोहळं

नांदगाव मागं पडलं, तरी जयवंतावहिनीचा पाय थांबेना. वैशाखातलं ऊन, कापसाच्या गाड्यांनी उडवलेला फुफाटा, आणि ही माझ्यापुढं दहा पावलं. मध्येच डोक्यावरचं कोहळं उतरवी, बुडाला नाक लावी, पुन्हा चुंबळीवर ठेवी.

"आंबूस वास येते का वं बाई? पाह्य बरं."

"नाही अजून," मी म्हणाले. येत होता, पण सांगवेना.

वहिनी म्हणजे माझ्या भावाची, पुंजारामाची बायको. मी अकोल्याहून विधवा होऊन माहेरी परतले ती हिच्याच पदराखाली. माझे यजमान तिथं मराठी शाळेत मास्तर होते. मला अक्षर त्यांनीच दिलं. मूलबाळ झालं नाही.

आम्ही माळी. वहिनी हिवरखेडची. लग्नात ओटीतून तिनं माहेरचं बी आणलं. कोहळं लहान, पण दिवाळीत तोडलं तर आखजीपर्यंत, अक्षय तृतीयेपर्यंत, टिके. बियाचं फळ ती कोवळं असतानाच हेरी. वेलाचं पहिलं नको, शेंड्याचं नको. मधलं, जाड देठाचं. त्याच्या देठाला चिंधी बांधली की घरात कुणी हात लावायचा नाही. एकदा कॅम्पातल्या साहेबाच्या माळ्याकडून तिनं भेदराचं, म्हणजे टमाट्याचं, बीही मिळवलं. ती लाल फळं पाहून गावानं नाक मुरडलं, "मांसावानी दिसते!" ही एकटी मिठाशी खाई आणि बी राखेत घोळून ठेवी.

मग समुद्रापलीकडं कुठं लढाई लागली आणि इथं कापसाला सोन्याचा भाव आला. भावानं मळा मोडून सरकी पेरली. वांगी गेली, भेदरं गेली. गोठ्याच्या कुडावर एक वेल वाचला, त्याचं हे एकच चिंधीचं कोहळं. भाऊ आणि त्याचा लेक सहदेव महिनाभर भाड्याच्या गाड्या हाकत होते. परवा शिंक्यातलं कोहळं बुडाशी मऊ लागलं.

बी काढायला कोहळं फोडावं लागतं, आणि आमच्यात कोहळ्यावर पहिला घाव बाईनं घालायचा नाही. घाव तिच्या लेकाच्या मानेवर बसतो म्हणतात. बियाचं असेल तर परक्या पुरुषानंही नाही. बरकत त्याच्या घरी जाते. म्हणून मी अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनाला निघाले तशी तीही कोहळं घेऊन निघाली, तिथल्या कापसाच्या बाजारात नवऱ्याला गाठायला.

मागून एक गाडीवान आला. "काय मावशी, आना इकडं, मी फोडतो! रस्त्यातच भाजी करू!"

"तुह्या बायकोले सांग फोडाले!"

"ते मलेच फोडते रोज," असं म्हणून तो हसत पुढं गेला. वहिनी हसली नाही.

अमरावतीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. बाजारात गाड्यांना गाड्या लागलेल्या. वहिनी प्रत्येक गाडीखाली वाकून निजलेल्यांची तोंडं पाही. शेवटी तिवशाचा ओळखीचा गाडीवान भेटला.

"पुंजाराम? बापलेक परवाच खामगावले गेले. पंधरा दिवस त येत नाही आता."

देवळाबाहेर लिंबाखाली आम्ही टेकलो. ती बसली, उठली, पुन्हा बसली. चुंबळ ओली झाली होती. कोहळ्याचं पाणी तिच्या कपाळावर उतरलं होतं. आता वास लपत नव्हता.

"पंधरा दिवसांत आतलं बी सडून जाईन," ती म्हणाली.

"देवीसमोर तूच फोड वहिनी. तिला काय कळत नाही?"

"तिले कळते वं. मीच भेतो. उद्या सहदेवच्या गाडीचा बैल बुजला, त मी जन्मभर या कोहळ्याकडंच बोट दाखवीन."

मी आत जाऊन हात जोडून आले. बाहेर येते तर तिनं पदर अंथरून त्यावर कोहळं ठेवलेलं, आणि कमरेचा विळा काढून शेजारी. विळा तिनं घरूनच आणला होता. माझ्याकडं न पाहता ती चिंधीची गाठ सोडत राहिली.

"तू घरचीच आहेस," ती म्हणाली. गाठ सुटेना. "अन् तुले... तुले लेकरू नाही, बाई. राग नको धरू. तूच फोड."